डीप फ्रीजचं बटण

दीक्षाला सातवा महिना लागला तेव्हा तिने आणि प्रशिकने मिळून एक जुना डीप फ्रीज घरी आणला. सक्करदऱ्याला आइस्क्रीमचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथला. झाकणावर पांढऱ्या अस्वलाचं चित्र होतं. ते खरवडूनही पुरतं निघालं नाही, एक डोळा आणि थोडं नाक राहून गेलं. ठेवायला जागा एकच होती, मागच्या खोलीत, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी.

"बाबा, आवाजाचा त्रास नाही ना होणार?" दीक्षाने विचारलं.

"छे, मला कसला त्रास," मी म्हणालो.

त्रास व्हायचा. तो मधूनच गुरगुरायला लागायचा, मग अंग झटकल्यासारखा थरथरून गप्प व्हायचा. पण माझ्या पुस्तकांनी आधीच त्या घराची एक अख्खी भिंत अडवलेली. मुलाच्या आणि सुनेच्या घरात त्याहून जास्त जागा मागणं मला शोभलं नसतं.

दीक्षा पाटबंधारे खात्यात इंजिनियर. प्रशिक बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात पाळीने जातो. बाळ झाल्यावर रोज रांधणार कोण, या प्रश्नाचं उत्तर तिने इंजिनियरसारखंच काढलं. ओळीने काही रविवार ती सुजलेले पाय घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. मोठ्या गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, मटणाचा रस्सा, कढईत कीमा, बेसनाच्या पाटोड्या, कांदा-खोबरं भाजून केलेलं काळं वाटण, हिवाळ्यात सोलून ठेवलेले तुरीचे सोले. सगळं गार करायचं, पिशवीत भरायचं, हवा काढून हाताने सपाट करायचं आणि ट्रेवर आडवं ठेवून गोठवायचं. गोठलेली पिशवी पाटीसारखी कडक व्हायची.

त्यापुढचं काम माझं. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दीक्षाने माझ्या हातात मार्कर दिला. मी पिशव्यांवर नावं घालायचो आणि त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावायचो. आधी वापरायच्या त्या वरच्या जाळीच्या टोपलीत, नंतरच्या खाली. एकदा ती झाकण उघडून बघतच राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय हे असं झालंच नसतं." मला असं कुणी फारसं म्हणत नाही. त्या दिवशी मी वाचायला बसलो आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

बाळंतपणासाठी सावनेरहून दीक्षाची आई आली. सिंधूताई. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, तशी ती मला इवाई म्हणते. दारातूनच तिचा आवाज आत यायचा.

"जयभीम इवाई! अजून पुस्तकातच का? डोये राहिले का गेले?"

मी हसायचो. काय उत्तर द्यावं ते मला तासाभराने सुचायचं.

सिंधूताई कुणालाच घाबरत नाही, विजेला सोडून. मागच्या वर्षी त्यांच्या घरावर वीज पडली तेव्हा टीव्ही आणि फ्रीज दोन्ही जळून गेले. ही गोष्ट तिने आम्हाला एवढ्यांदा सांगितली होती की प्रशिक मध्येच तिची वाक्यं पुरी करायचा. आभाळ भरून आलं की ती घरभर फिरून बटणं बंद करायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर तिचा विश्वास होता, कारण त्याला स्टेबिलायझर होता. डीप फ्रीजला नव्हता.

मे महिन्यात रामटेकला दीक्षाच्या मावसबहिणीचा मंगल परिणय होता. मुक्कामाने जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळपासून उकाडा वाढत गेला आणि दुपारी पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं. आभाळ काळं-पिवळं झालं. लांबवर गडगडू लागलं. मी गाडीत सगळ्यात आधी जाऊन बसलो, कारण माझ्यासाठी कुणाला थांबावं लागलं की मला बरं वाटत नाही. दीक्षा बसली, प्रशिकने गाडी चालू केली.

"तुमी बसा जवाईबापू, मी एक डाव घर पाहून येतो," म्हणत सिंधूताई परत आत गेली. कुलूप तिनेच लावलं.

आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. किल्ली तिच्याकडे होती. "मले अगोदर जाऊ द्या," म्हणून ती घाईने उतरली. मी पिशव्या घेऊन आत पोचलो तेव्हा ती माझ्या खोलीत उकिडवी बसून फरशी पुसत होती.

"कूलरचं पाणी सांडलं वाटते," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

कूलर खिडकीत होता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. निघताना मी त्याची टाकी रिकामी पाहिली होती. डीप फ्रीज चालू होता, पण धापा टाकल्यासारखा. मी पलंगावर बसलो. झाकण उघडून पाहावं असं वाटलं, पण दीक्षाचा नियम होता, उगाच उघडायचं नाही. त्या रात्री तो एकदाही गप्प झाला नाही.

सकाळी मी झाकण उचललं. आतल्या भिंतींवर जाड पांढरा बर्फ साचलेला असायचा, मी नखाने त्यावर रेघ मारून पाहायचो. तो नव्हता. भिंती धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या आणि त्यांवर नवं, पातळ हिव धरत होतं. टोपलीतल्या पिशव्या मी उभ्या लावल्या होत्या. त्या एकमेकींवर कलंडल्या होत्या आणि तशाच गोठल्या होत्या. कीम्याची पिशवी हातात घेतली तर तिच्या पोटावर जाळीच्या तारा उमटलेल्या. सोले सुटे सुटे खडखडायचे, त्यांचा एक गोळा झाला होता.

मी झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या फ्रीजमध्ये दूध चांगलं होतं. बर्फाच्या ट्रेमधले खडे चौकोनी होते. म्हणजे लाइट गेली नव्हती.

इतकं स्पष्ट असूनही मला खात्री वाटेना. मी पिशव्या खरंच उभ्या लावल्या होत्या का? कदाचित दीक्षाने मागाहून काही काढलं असेल. मागे एकदा मी गॅसचा वास येतो म्हणून सगळं घर बाहेर काढलं होतं. प्रशिकची पाळी चुकली, माणूस येऊन शेगडी तपासून गेला आणि तो वास निघाला शेजारच्यांनी गेटला दिलेल्या रंगाचा. तेव्हापासून मी कशाबद्दलही काही बोललो की प्रशिक नाक वर करून विचारायचा, "बाबा, वास येऊन राहिला का?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण आणखी एकदा मी खोटा ठरलो तर हसणार नाहीत, एकमेकांकडे बघतील, हे मला कळत होतं. आणि गप्प राहिलो तर ते अन्न दीक्षाच्या पोटात जाणार होतं.

चहाच्या वेळी मी विषय काढला. वाकड्या वाटेने.

"दीक्षा, डीप फ्रीजच्या भिंतीवरचा बर्फ तू खरवडला होतास का ग?"

ती फोनवर ऑफिसचं काही बघत होती. "मला वेळ कुठे आहे बाबा? काहून? फार साचला का?"

"नाही. साचला नाही."

"मग चांगलंच आहे न."

समोर सिंधूताई बशीत चहा ओतत होती. तिची बशी तशीच हातात राहिली. दीक्षा उठून गेल्यावर मी धीर केला. विहिणीशी एकट्याने बोलायची मला सवय नाही.

"सिंधूताई, त्या दिवशी वादळ होतं..."

"अगे माय! इवाई आज सोताहून बोलले!" ती मोठ्याने हसली. "आज काही खरं नाही."

"तुम्ही निघताना डीप फ्रीजचं बटण..."

हसू गेलं. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. ती एकदम म्हातारी दिसली, माझ्यासारखी.

"तो चालू आहे न," ती हळू आवाजात म्हणाली. "आता चालू आहे न? मंग? गोठलं की झालं. पोरगी तीन-तीन तास उभी राहिली त्यापायी, तिले कायले सांगता? तिचं बीपी वाढते." आणि लगेच उठून कपबशा विसळायला लागली. नळ पूर्ण सोडला होता तिने.

त्या दिवशी घरात लग्नातला डबा होता, तो सगळ्यांनी खाल्ला. सोमवारी प्रशिक पहिल्या पाळीला गेला. दीक्षाची तपासणी होती, तिच्यासोबत सिंधूताई गेली. घरात मी आणि तो गुरगुरणारा डबा.

आता जे मी केलं ते शहाणपणाचं नव्हतं. तेव्हा मात्र मला ते फार बरोबर वाटलं. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, मला बोलता येत नव्हतं, मग मी स्वतःच खाऊन बघावं. काही झालं तर मला होईल, आणि मग सांगायला पुरावा असेल. काही झालं नाही तर सगळंच मिटलं. मी एक पिशवी काढली, रश्श्याची. कमी झालेली कुणाला दिसू नये म्हणून खालच्या थरातली, कोपऱ्यातली काढली. उकळून वाटीभर प्यायलो. वाटी, पातेलं घासून पालथं घातलं, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेरच्या डब्यात टाकली. माझ्याच घरात मी चोरासारखा वावरत होतो.

मग आरामखुर्चीत बसून राहिलो. मांडीवर पुस्तक होतं. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी पोटाकडे कान लावून होतो. गुरगुर आली की दचकायचो, आणि ती फ्रीजची असायची. दुपार उलटली. मला काही झालं नाही. मळमळ नाही, कळ नाही. दीक्षा आणि सिंधूताई परत आल्या, बाळ चांगलं आहे म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी सिंधूताईला चहा करून दिला. ती आश्चर्याने बघत राहिली. तिच्यावर संशय घेतला याची मला लाज वाटली.

संध्याकाळी दीक्षा सोफ्यावर पाय वर करून पडली होती. "आज कोणीच काही रांधायचं नाही," ती म्हणाली. "याच दिवसासाठी तर मी मरमर केली. प्रशिक, काढ न काहीतरी. कीमा काढ."

प्रशिक माझ्या खोलीत आला. मी खुर्चीतच होतो. त्याने झाकण उचललं आणि हात घातला. वरच्या टोपलीत.

त्याचा हात मी पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. खालचा थर. कोपरा. गच्च गोठलेल्या पाट्यांच्या भिंतीआड, जिथला गारवा सगळ्यात शेवटी जातो. मी जे खाल्लं ते कदाचित विरघळलंच नव्हतं. विरघळलं होतं ते वरचं. एक रात्र आणि एक दिवस, मे महिन्यात, बंद खोलीत. मी काहीच तपासलं नव्हतं. मी फक्त स्वतःची समजूत घातली होती.

"प्रशिक," मी म्हणालो.

"काय बाबा?" तारांचे वळ उमटलेली ती पिशवी त्याने दोन्ही हातांत तोलली. "दीक्षाच्या आईनं काय प्रेस केली का या पिशवीवर? वाकडी झाली पाहा." हसत तो निघून गेला. मी उठेपर्यंत मिक्सरचा आवाज सुरू झाला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तो कीमा परतत होता. कांदा, तेल, काळा मसाला. वास इतका चांगला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. खराब अन्नाला वास यायला हवा होता.

"बाबा, वास येऊन राहिला का?" प्रशिकने नाक वर करून विचारलं. चमचाभर कीमा पोळीच्या तुकड्यावर घेऊन त्याने तोंडात टाकला, मग आणखी एकदा. "मीठ बरोबर आहे. जबरदस्त झालंय."

ताटं वाढली. आम्ही चौघं बसलो. सिंधूताईला कीमा फार आवडतो. तिने स्वतःच्या ताटात वरण-भात वाढून घेतला.

"आई, हे काय?" दीक्षाने विचारलं.

"मले ॲसिडिटी झाली." मग तिने लेकीच्या ताटाच्या काठाला हात लावला. "तू बी वरण-भातच खाय वं आज. असं मसाल्याचं चांगलं नाही या दिवसांत."

"परवा लग्नात तूच दोन वाट्या रस्सा पाजलास मला!"

"परवाचं परवा."

"सोड न आई, भूक लागून राहिली." दीक्षा हसली आणि ताट ओढलं. सिंधूताईने काठ धरून ठेवला होता. क्षणभर त्या दोघी खेळ खेळल्यासारख्या ताट ओढत होत्या. प्रशिकही हसत होता. मी सिंधूताईच्या बोटांकडे पाहत होतो. पेरं पांढरी झाली होती. ती म्हणेल, आता म्हणेल, मी वाट पाहत राहिलो. मग तिची बोटं सुटली.

दीक्षाने पोळीचा तुकडा मोडला.

"खाऊ नकोस," मी म्हणालो. माझा आवाज मोठा निघत नाही. कुणी ऐकलं नाही. तुकडा कीम्यात बुडाला. मी वाकलो आणि माझा हात, उघडा पंजा, सुनेच्या ताटात कीम्यावर दाबून ठेवला. तो पोळला. तरी मी उचलला नाही.

सगळं थांबलं.

"बाबा?" प्रशिक म्हणाला.

"हे खाऊ नका. आपण रामटेकला होतो तेव्हा डीप फ्रीज बंद होता. सगळं विरघळून परत गोठलं आहे."

"बंद? कोणी बंद केला?"

हा प्रश्न येईल याचा मी विचारच केला नव्हता. मी सिंधूताईकडे पाहिलं. ती पाण्याच्या गडव्याकडे पाहत होती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. दीक्षा आईकडेच बघायला वळत होती. येत्या दोन महिन्यांत तिला जे माणूस हवं होतं ते हे होतं. मी नव्हतो. दुसऱ्याचं नाव घेणं मला कधी जमलेलं नाही. स्वतःचं घेणं सोपं जातं.

"मी," मी म्हणालो. "आवाजाने झोप येत नव्हती. नंतर लावायचा राहून गेला."

"आणि हे तुम्ही आता सांगून राहिले?" प्रशिक उभा राहिला. "दोन दिवस झाले बाबा!"

"मी आज दुपारी खाऊन पाहिलं. मला काही झालं नाही."

"खाऊन पाहिलं?"

प्रशिक आणि दीक्षा एकमेकांकडे बघू लागले. हीच ती नजर, जिला मी घाबरत होतो. सिंधूताईने गडवा उचलला, माझ्या भाजलेल्या हातावर हळूहळू पाणी ओतलं.

पहाटे प्रशिकला उलट्या सुरू झाल्या. दोन घासच खाल्ले होते त्याने, चव बघायला. सकाळी दवाखान्यात सलाइन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, तरुण आहे, निभावलं. दीक्षा पोटावर दोन्ही हात धरून बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी खाल्लं असतं तर, बाबा?"

 तिने खाल्लं नाही, हे मी मनात धरून बसलो होतो. तेवढंच मला हवं होतं आणि तेवढं मला मिळालं होतं. बाकीचं कसं सोसायचं ते हळूहळू जमेल असं मला वाटलं.

डीप फ्रीज सिंधूताईने एकटीने रिकामा केला. सगळ्या रविवारांचं अन्न कचऱ्याच्या गाडीत गेलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "तुमी बसा इवाई." आवाजात माया होती. दोन-तीन दिवसांनी ती बहिणीशी फोनवर बोलत होती, दार लोटून, हळू. "आता डोकं नाही राहिलं बिचाऱ्याचं." पुढच्या आठवड्यात दार उघडं होतं. शेजारची कामिनी सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागायला आली तर तिला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. आवाजाने कसा जीव जायचा इवाईंचा, कसे ते कूस बदलायचे, कसे पायाने फ्रीजला ढकलायचे. कामिनी च् च् करत होती. मी खोलीत ऐकत होतो. आवाजाच्या त्रासाबद्दल मी त्या जेवणापूर्वी कुणाशीही, कधीही बोललो नव्हतो. आणि मी खरंच कधी कधी झोपेत पायाने त्याला ढकलायचो.

एका दुपारी ती एकटी सांबार निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"सिंधूताई, त्या दिवशी घरातून शेवटी तुम्ही निघालात."

तिने काड्या बाजूला सारल्या आणि वर पाहिलं. मला वाटलं ती रडेल, किंवा हात जोडेल. मी लगेच असू द्या म्हणणार होतो.

"इवाई," ती सावकाश म्हणाली, लहान मुलाशी बोलतात तशी. "तुमी गाडीतून उतरले होते. पाण्याची बाटली घ्याले. आठवते का? मी दारातच होतो. तुमी आत गेले, बाटली घेऊन आले."

"मी उतरलो नाही."

"मंग बाटली कोठून आली?"

रामटेकच्या रस्त्यावर मी बाटलीतून पाणी प्यालो होतो. निळ्या झाकणाची बाटली. ती माझ्या हातात कशी आली होती? मी आठवून पाहिलं. गाडीचं दार आठवलं, धूळ आठवली. बाटली आठवत होती, ती घेतलेली आठवत नव्हती.

ती मला फसवत होती का? तिच्या चेहऱ्यात मला काही सापडलं नाही. तिने ते इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते तिला दिसत असावं.

प्रशिकने मला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी मला वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. घाबरल्यामुळे दोन शब्द गेले. मग ते म्हणाले, "बटण बंद केलं तेव्हाचं काही आठवतं का काका?"

प्रशिक शेजारी बसला होता. खरं सांगायचं तर आता फार उशीर झाला होता. मी सांगू लागलो. खोलीत अंधारून आलं होतं. काळं बटण, त्याच्या कडेला पिवळट डाग. मी बोट टेकवलं तेव्हा बटणावर धूळ होती, ती बोटाला लागली. तो थरथरला आणि गप्प झाला. घर किती शांत झालं ते मी सांगितलं. बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला.

हे मी रचत होतो. रचताना मला सगळं दिसत होतं. डॉक्टर लिहीत होते. दवाखान्यातून बाहेर आलो तरी ते दिसायचं थांबलं नाही.

जुलैत दीक्षाला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. पाळणा मधल्या खोलीत आहे. मी तिथे गेलो की कुणीतरी येतं. सिंधूताई दुपटी घड्या करायला, प्रशिक फोन चार्जिंगला लावायला, दीक्षा नुसतीच. कुणी मला काही म्हणत नाही. एवढ्याशा मुलीने मूठ उघडली, मिटली, की आम्ही दोघं-तिघं हसतो.

सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मी बोट पुढे करायचो आणि कुणीतरी खाकरायचं. परवा मात्र घरात खरंच कुणी नव्हतं. सगळे गेटपाशी पाहुण्यांना निरोप द्यायला गेले होते. ती जागी होती, टक लावून माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची दुपट्याची घडी फक्त बाजूला करायची होती. मी वाकलो. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं, बटणाची धूळ लागलेल्या त्या बोटाकडे, आणि हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीशी धरले, घट्ट, आणि कुणीतरी आत यावं म्हणून हाका मारू लागलो.